‘लिफ्ट बंद’मधली उचकी

ऑर्विलला आईचा आवाज हवा होता. तिचे फोटो होते, रविवारची टोपी होती, कडा झिजलेलं बायबल होतं. आवाज तेवढा नव्हता. आणि हा आवाज गेली तीसेक वर्षं जगभर वाजतोय.

थट्टा नाही करत. ‘लिफ्ट बंद’ हे आमचं गाणं तुम्ही ऐकलेलं असणार. जंगल म्हणतात त्या संगीताला. त्यात ड्रम पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे पळतात आणि खालचा बास पोटात गुरगुरतो. आमच्या गाण्यात सुरुवातीला एक लहान पोर काहीतरी किरकिरतं. मग ‘टक’ असा बारीक आवाज, मग क्षणभर सगळं गप्प, आणि मग ड्रम सुटतात ते सुटतात. त्या ‘टक’ला लोक उचकी म्हणतात. आमच्या मागून आलेल्या पोरांनी ती उचलली, त्यांच्याकडून ओसाकातल्या पोरांनी, मग वॉर्साच्या कुणा मुलीनं. आता ड्रम कोसळायच्या आधी उचकी नसेल तर गाणं अळणी लागतं म्हणे. मोबाईलच्या जाहिरातीतसुद्धा ऐकलीय मी. एका प्राध्यापकांनी मला फोन करून विचारलं होतं, की ते किरकिरणारं पोर म्हणजे शहरातल्या एकाकी बालपणाचं प्रतीक का? मी म्हटलं, “नाही हो, ती ऑर्विलची आई आहे. जेवायला बोलावतेय.” ते मनापासून हसले आणि पुस्तकात प्रतीकच छापून मोकळे झाले.

झालं होतं ते असं. टॉटनहॅमला आमच्या सरकारी इमारतींच्या वसाहतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर ऑर्विल आणि त्याची आई, आमची युनिस आंटी, राहायचे. लिफ्ट कायम बंद, त्यामुळे आमचं सॅम्पलर, म्हणजे आवाज भरून हवा तसा वाजवायचं मशीन, आम्ही जिन्यानं वर चढवलं आणि गाण्याचं बारसंही तिथेच झालं. त्या काळच्या सॅम्पलरला स्मरणशक्ती म्हणाल तर मुंगीएवढी. दोन-चार सेकंदांचा आवाज भरला की पोट भरलं त्याचं. म्हणून आम्ही सगळे एक युक्ती करायचो. कॅसेट दुप्पट वेगानं पळवून आवाज मशीनमध्ये भरायचा, म्हणजे अर्ध्या जागेत बसतो. मग आत गेल्यावर तो पुन्हा हळू करून मूळ वेगावर आणायचा. एका रविवारी आमच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग चालू होतं आणि खोलीच्या दाराबाहेरून आंटीनं हाक मारली, “ऑर्विल, भात गार होतोय, बाहेर ये.” ऑर्विलनं ती हाक युक्तीनं भरून घेतली आणि हळू करायचं साफ विसरला. कळ दाबली तर आंटी चार वर्षांच्या पोरीसारखी चिरकली. आम्ही गादीवर लोळून हसलो. तसंच ठेवलं. कॅसेटवर पुढच्या आठवड्यात दुसरंच काहीतरी रेकॉर्ड केलं. कॅसेट काय फुकट मिळायच्या?

आंटी यंदा फेब्रुवारीत गेली. आमच्या बेटांवरून आलेल्या लोकांत माणूस गेलं की नऊ रात्री घर जागतं ठेवतात. तळलेले मासे, पाव, रम, डॉमिनो, आणि प्रत्येकानं गेलेल्या माणसाची एक तरी गोष्ट सांगायची. चर्चच्या बायकांनी तर धमाल केली. एकीनं आंटीचा रागावलेला आवाज काढला, दुसरीनं प्रार्थनेचा. लोक डोळे पुसत हसत होते. ऑर्विल मात्र भिंतीला टेकून उभा. त्याची पाळी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात बर्फ आणायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

त्यानंतर पंधरवड्यानं त्याचा फोन. आम्ही वर्षा-वर्षात बोलत नाही. भांडण नाही, काही नाही. तो बस चालवतो, मी नदीपलीकडे लोकांची वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, माझी बायको तिच्या बहिणीकडे गेली ती तिथलीच झाली. माणसं अशीच सुटत जातात.

“फिट्झ, तुझ्याकडे ते मशीन आहे अजून?”

“आहे. माळ्यावर. का, पुन्हा तरुण व्हायचंय?”

“त्या बायका तिचा आवाज काढत होत्या ना, मला ओळखूच येईना रे. त्यांना ती कुठल्या कुठल्या गोष्टी सांगायची. मी जन्मभर एका घरात राहिलो तिच्याबरोबर, आणि मला तिचं एकच वाक्य येतं. तेही गाण्यातलं. तेही पोरीच्या आवाजात.” मग तो म्हणाला, “त्या हाकेची फ्लॉपी सापडलीय. हळू करता येईल का?”

मी म्हटलं, “येईल, पण सगळं मिळणार नाही. वेगात भरताना वरचे बारीक आवाज गळतात. घोंगडीखालून बोलल्यासारखं येईल.”

“चालेल. ती दाराबाहेरूनच बोलत होती.”

तर गेल्या रविवारी दुपारी मशीन घेऊन गेलो. आता लिफ्ट चालते, आरसाबिरसा लावलाय आत. त्याची खोली तीच. गादी तिथेच. त्यानं नारळाच्या दुधातला राजमा-भात केला होता, आईसारखा जमला नव्हता, आणि ते त्यानंच आधी सांगून टाकलं. मशीनचा पंखा कुरकुरला, पडद्यावर हिरवी अक्षरं आली, फ्लॉपी खरखरली. ऑर्विल गादीच्या कडेला हात मांड्यांखाली दाबून बसला होता. इतका मोठा माणूस, निम्मे केस पांढरे, आणि दंतवैद्याकडे बसल्यासारखा.

मी आधी तसंच वाजवलं. पोर चिरकलं, टक. मग वेग अर्ध्यावर आणला आणि कळ दाबली.

“ऑर्विल. भात गार होतोय. बाहेर ये.”

ती होती. जाड, दमलेली, शेवटचा शब्द जरा खाली सोडणारी. रागावलेली नव्हती. मला वाटायचं ती आमच्यावर ओरडतेय. तीस वर्षं आम्ही ती हाक ओरडणं समजलो होतो. ऑर्विलनं तोंडावर हात ठेवला. मी मशीनवरची धूळ पुसली.

“पुन्हा,” तो म्हणाला.

पुन्हा वाजवलं. मग लक्षात आलं की फ्लॉपीवरचा आवाज गाण्यापेक्षा लांब आहे. गाण्यात आम्ही तो ‘टक’पाशी कापला होता. मी कापण्याची खूण शेवटपर्यंत सरकवली. आता हाक आली, आणि मग ती जगप्रसिद्ध उचकी. पण हळू केल्यावर ती ‘टक’ नव्हतीच. लाकूड कुरकुरलं, लांबलचक. मग चमचा ताटलीला लागला. मग पुन्हा लागला. तिथे मशीनचं पोट भरलं होतं.

“हे काय आहे?” मी विचारलं.

ऑर्विल दाराकडे बघत म्हणाला, “बाहेर फोनजवळ खुर्ची होती. कुरकुरायची. ती बसली तिथं.”

“आणि?”

“आणि जेवली. अजून काय?”

मला वाटायचं हाक मारून ती स्वयंपाकघरात निघून जायची. तिथे रेडिओ होता, गरम होतं, खिडकी होती. बाहेरच्या पॅसेजमध्ये तर दिवासुद्धा धड नव्हता. ताट मांडीवर घेऊन ती बंद दाराकडे तोंड करून जेवत होती, आणि तिच्या त्या बसण्यावर सगळं जग नाचत होतं. मला एकदम इतकं वाईट वाटलं की मी त्याच्यावरच चिडलो. “मग मारायची होती ना थाप दारावर! आत यायचं! म्हातारीला कोण अडवत होतं?”

“मी,” ऑर्विल म्हणाला. “दारावर पाटी होती माझी. आत येऊ नये.”

मग तो भाताची ताटली घेऊन उठला. मला वाटलं, अजून भात घ्यायला चालला. दाराशी थांबून म्हणाला, “मी बाहेर बसतो. दार लाव आणि गाणं वाजव. पूर्ण आवाजात. तेव्हा वाजवायचो तसं.”

मी दार लावलं. गाणं लावलं. खिडकीची काच थरथरायला लागली. शेवटपर्यंत वाजू दिलं. मग शांतता झाली. माझ्या घशात धूळ गेली होती, मी खोकलो.

“ऐकू आलं का?” मी दाराला तोंड लावून विचारलं.

“नाही रे,” तो बाहेरून म्हणाला. आवाज खालून येत होता, म्हणजे जमिनीवर बसला होता. “नुसती धडधड. चाल नाही, काही नाही. हे तिला कसं आवडणार?” मग म्हणाला, “पण आत्ता तू खोकलास ना, ते अगदी स्वच्छ आलं. गाणं येत नाही इथं. माणसं येतात. आपण दिवसभर काय काय बोलायचो आत, हसायचो, ते सगळं येत असणार.”

मी कडी काढायला हात घातला.

“उघडू नको,” तो म्हणाला. “बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. बोलत राहा फक्त.”

मग मी दाराला पाठ लावून खाली बसलो आणि बोलायला लागलो. वॉशिंग मशीनमध्ये लोक काय काय विसरतात ते सांगितलं, गुडघा दुखतो ते सांगितलं, बायको गेली त्या दिवशीचं सांगितलं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेरून हूं की चूं नाही. पण तो तिथेच होता, ऐकत होता, आणि मध्येच एकदा त्याच्या ताटलीला चमचा लागला.