दाराकडेचा खांब

“यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही,” म्हणत रुक्नेत्तिनने मशिदीच्या दाराकडेच्या बारीक संगमरवरी खांबावर तळवा टेकवला. “काल संध्याकाळी जमीन हलली ना, तेव्हा हा गडी असा गरागरा फिरला, की त्याच्या वाऱ्याने माझी टोपी उडून नदीत पडली. एव्हाना काळ्या समुद्राला लागली असेल.”

“टोपी डोक्यावरच आहे तुझ्या,” वेहबी शिंपी म्हणाला.

“ही धाकटी. गेली ती थोरली.”

लोक हसले, पण खांद्यावरच्या गाद्या कुणी खाली ठेवल्या नाहीत. रात्र सगळ्यांनी नदीकाठी उघड्यावर काढली होती. जमीन हलली, की मशिदीच्या किल्लीवाल्याने, म्हणजे रुक्नेत्तिनने, दुसऱ्या सकाळी हा खांब फिरवून दाखवायचा आणि मगच लोकांनी आपापल्या छपराखाली जायचं, अशी गावाची रीत होती.

“बांधणाऱ्याने वर्तुळ आखायला नवरीचा केस घेतला होता,” रुक्नेत्तिन सांगत होता. “वर आणि खाली फटही सोडली तेवढीच, केसाएवढी. भिंत जरा कलली, की फट मिटते. मग दहा रेडे लावा, खांब हलायचा नाही.”

“मागच्या खेपेला घोड्याच्या शेपटीचा केस होता.”

“नवरी घोड्यावरूनच आली होती.”

“बरं, सरक आता. तू बोलत बस, मीच फिरवून बघतो.”

रुक्नेत्तिन बाजूला झाला. वेहबीने हात विजारीला पुसला आणि खांबाला एक बोट लावलं. खांब जागचा हलला नाही. त्याने आणखी जरा जोर दिला, तसा दगडावर दगड घासल्याचा बारीक आवाज झाला आणि खांब फिरला.

गाद्या घरांकडे वळल्या. जो तो फोन काढून कानाला लावू लागला.

“पोरीने सामसूनहून रात्रभर भंडावलंय,” वेहबी पायऱ्या उतरताना म्हणाला. “आता तरी झोप म्हणावं. तुझ्या ओक्तायचा आला का रे फोन?”

“न यायला काय झालं?” रुक्नेत्तिन बाहीने खांब पुसू लागला. “पहाटेच आला. इझ्मिरला या म्हणतो, खोली रिकामीच आहे. सूनबाई मागून ओरडतेय, बाबांना एकटं ठेवू नका म्हणून. मी म्हटलं, अरे, मग खांब कोण फिरवणार? तर म्हणतो, ते राहू दे, तुम्ही काही खाल्लंत का?”

वेहबी मान डोलवत निघून गेला. आवारात चहावाला इद्रिस तेवढा उरला. त्याने चहाचा पेला पायरीवर ठेवला, खिशातून एक जुना फोन काढला आणि तो पेल्याशेजारी हळूच ठेवला.

“दादा,” तो म्हणाला, “तुमचा फोन काल दुपारपासून माझ्याकडेच आहे. चार्जिंगला लावून विसरलात. तो वाजलाच नाही.”