निळ्या ताडपत्रीवरचा चारा

फिटरने गव्हाणीत हात घातला आणि अर्धवट चावलेली मूठभर पानं काढून डॉक्टरांपुढे धरली.

जनावरांच्या डॉक्टरांनी एक पान उलटं करून पाहिलं. लांब, जाड, मधोमध पांढरट शीर.

"कण्हेर आहे ही. कुणी घातली?"

शेडमध्ये दोन शेळ्या आडव्या पडल्या होत्या, पाय लाकडासारखे ताठ. तिसरी, सगळ्यात लहान, भिंतीला टेकून उभी होती आणि करकर दात खात होती.

घातली बायकोने. पण ठेवली होती त्याने.

काल त्याने कुंपणाची कण्हेर छाटली, बुडातलं गवतही कापलं. सगळा पाला निळ्या ताडपत्रीवर टाकला, ओढून न्यायला बरं म्हणून. तेवढ्यात विहिरीवरची मोटर बंद पडली. तो तिकडे गेला, ती खोलत बसला, आणि पाला शेडच्या दाराजवळच राहिला तो राहिलाच. या घरात दीड वर्षं एकच पद्धत होती. त्याने चारा कापायचा, निळ्या ताडपत्रीवर शेडच्या दाराशी आणून ठेवायचा आणि तिने घालायचा. निळ्यावर आहे म्हणजे खायचं आहे. विचारायची वेळच कधी आली नव्हती. दोघंही शहरातली. तिला कण्हेर म्हणजे गुलाबी फुलं एवढंच माहीत.

"फिटरसाहेब," डॉक्टर हात धूत म्हणाले, "आपण हौसेने पाळली म्हणून जनावरं हौसेने मरत नाहीत हो. वहिनींना नीट सांगा. नाहीतर उद्या परत घालतील."

"कुंपण मी आजच उपटतो. तिला नका सांगू."

"का?"

फिटर घराकडे बघत राहिला. तीन वर्षांपूर्वी थोरला मुलगा गेला. हिने त्याला औषध आणायला पाठवलं होतं, परत येताना ट्रकने उडवलं. त्यानंतर ही भिंतीकडे तोंड करून जी झोपली ती झोपलीच. मी पाठवला, एवढंच म्हणायची. शेवटी त्याने जमिनीचा हा तुकडा घेतला, तीन शेळ्या आणल्या. पहिल्याच सकाळी शेळ्यांनी ओरडून ओरडून घर डोक्यावर घेतलं, आणि ती उठली. वैतागून उठली, पण उठली.

"साप चावला म्हणा," तो म्हणाला.

"साप मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण मी काहीच म्हणत नाही. ही कोळशाची पूड पाण्यातून पाजत राहा तिसरीला. घाई करू नका, ठसका लागेल."

ते गेल्यावर फिटरने गव्हाण घासून धुतली, ताडपत्री घडी करून फळीवर टाकली. मग लांब कोपऱ्यात खोल खड्डा खणून दोघींना पुरलं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले.

परत आला तर बायको शेडच्या दारात उभी होती. कोरडी न झालेली गव्हाण बघत होती. मग तिने फळीवरच्या ताडपत्रीकडे बघितलं.

"साप होता," तो म्हणाला.

"हं."

"विषारी होता."

"असणारच," ती म्हणाली आणि आत गेली.

तो तसाच उभा राहिला. आता ती जाऊन पडेल. कूस वळवेल. जेवायला हाक मारली की म्हणेल, तुम्ही घ्या. ते सगळं त्याला पाठ होतं.

आत फोन वाजला. लेकीचा होता, डॉक्टर गेल्यावर त्यानेच तिला कळवलं होतं. तो दारापाशी पोचेपर्यंत बायकोने उचलला होता. हात ओले म्हणून स्पीकरवर टाकला होता.

"आई, बाबा म्हणाले साप. पण दोघींना एकदम कसा चावेल गं? तू काल घातलं काय होतंस त्यांना?"

फिटरने फोन घ्यायला हात पुढे केला. तिने पाठ वळवली.

"नेहमीचंच. तुझ्या बाबांनी कापून आणलेलं. चांगलं होतं."

"मग?"

"मग काय मग? साप होता. मी पण बघितला."

फिटरचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

"तू बघितलास? कुठे?"

"भिंतीच्या कडेने गेला. कुणाची चूक नाही त्यात. बाबांना उगाच उलटसुलट विचारत बसू नकोस, सकाळपासून माणूस उपाशी आहे."

"अगं पण केवढा होता? डॉक्टरांना सांगायला नको?"

बायकोने वळून त्याच्याकडे बघितलं. डोळे सुजले होते, आवाज मात्र सरळ.

"हे सांगतील. यांनी जवळून बघितला," ती म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला.

मग तिने ओट्यावरची कोळशाची पूड पाण्यात ढवळली, भांडं उचललं आणि शेडकडे निघाली.

"बाबा?" लेक विचारत होती. "केवढा होता?"