वर बघा, डॉक्टर

"बोलतानी खाली पाह्यनारा मानूस काईतरी लपवून राह्यते," असा निकाल देऊन जनकाबाई व्हरांड्यात येऊन बसल्या.

उंद्रीजवळच्या त्या उपकेंद्रात बावीस वर्षं नर्स असलेल्या प्रेमलाताई गोंधळल्या. आत व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर बुलढाण्याचे डॉक्टर अश्वजित अजून हजर होते. सलग चौथ्या मंगळवारी जनकाबाईंनी त्यांना गुडघाच सांगितला आणि त्यांनी गुडघ्याच्याच गोळ्या दिल्या. छातीतली गाठ त्या फक्त प्रेमलाताईंपाशी बोलत, तेही बाहेर. हात लावू देत नसत. बुलढाण्याला चला म्हटलं, तर घरी कारण काय सांगू म्हणत.

प्रेमलाताईंनी डॉक्टरांना विचारलं, खाली का बघता? ते म्हणाले, पेशंटकडेच बघतो. ती पडद्यावर खाली दिसते, कॅमेरा वर आहे. मग कॅमेऱ्यात बघा. तर म्हणे, मग पेशंट दिसत नाही. म्हणजे डॉक्टर बघत असले की बघत नाहीत असं वाटायचं, आणि बघतायत असं वाटलं की ते बघत नसायचे. ही व्हिडिओ-तपासणी चालवणाऱ्या कंपनीच्या फॉर्मवर 'रुग्णाचा विश्वास' असा रकाना होता. त्यात काय भरावं, हे प्रेमलाताईंना आणखीच कळेना.

शेवटी त्यांनी सुचवलं, कॅमेऱ्याशेजारी टिकली लावा, ऐकताना तिच्याकडे बघा. डॉक्टर अविवाहित, टिकली मागायची कुणाकडे, यात त्यांचा आठवडा गेला.

पाचव्या मंगळवारी डॉक्टरांनी थेट डोळ्यांत पाहिलं. जनकाबाईंनी त्यांचं गाव विचारलं, आई आहे का विचारलं. आहे, ते म्हणाले. मग पदरावरून डावीकडे हात ठेवून हळूच म्हणाल्या, "इथं हाये."

"कुठं?" डॉक्टरांनी विचारलं. ते टिकलीकडे बघत होते.

जनकाबाईंचा हात खाली आला. "आता त डोये फाडून पाहून राह्यला होता. आंधया हाय का हा?"

त्या उठल्या असत्या, तर पुढच्या मंगळवारी पुन्हा गुडघाच होता. प्रेमलाताईंनी खरं ते सांगून टाकलं, "मावशी, ते तुमच्याकडं पाह्यते असं वाटते ना, तवा तुमी त्याहिले दिसतच नाही."

जनकाबाईंना त्यातलं कितपत कळलं, कोण जाणे.

"मंग तू पाह्य," त्या म्हणाल्या. "अन् त्याले सांग."

त्यांनी प्रेमलाताईंचा हात धरून पदराखाली नेला. प्रेमलाताई बोटांना लागेल ते सांगत गेल्या: बोराएवढी, टणक, हलत नाही. डॉक्टर आता खाली बघत होते.

"कधीपासून?"

"दिवाईपासून."

उद्याच बुलढाण्याला या, डॉक्टर म्हणाले. जनकाबाई हाव म्हणाल्या. तपासणी संपली होती. प्रेमलाताई हात काढू लागल्या. पण वरून जनकाबाईंचा तळवा होता, आणि तो त्या काही उचलत नव्हत्या.