लाल चिमटा

चादरी वाळत घालताना चिमटे कमी पडले, म्हणून मी एप्रनच्या खिशात हात घातला. हाताला लागला तो चिमटा लाल होता.

तो चिमटा दोरीवरचा नव्हे. आणला होता मीच, पण गेलं वर्षभर तो डेन्झिलच्या मोटरसायकलचा होता. आणि डेन्झिल, म्हणजे माझा नवरा, ती मोटरसायकल घेऊन नुकताच फाटकातून बाहेर पडला होता. मी हातातल्या ओल्या अभ्र्यानेच त्याला टाटा केला होता.

काय झालं ते कळायला त्या गाडीची एक खोड सांगावी लागेल. गाडी इंग्लंडची, डेन्झिलहून वयाने मोठी. तिची तेलाची टाकी वेगळी, इंजिनाच्या वर. गाडी उभी राहिली की तेल झिरपत झिरपत इंजिनाच्या पोटात उतरतं, आणि तिथून माझ्या शेडच्या फरशीवर. म्हणून हे वेडे लोक मधल्या नळीला एक छोटा नळ बसवतात. गाडी उभी केली की नळ बंद करायचा, सुरू करायच्या आधी उघडायचा. बंद करायला विसरलं तर फरशी पुसावी लागते. उघडायला विसरलं तर इंजिन कोरडं पळतं, तापतं, आणि पळता पळता एकदम जाम होतं. त्याबरोबर मागचं चाकही जाम. मग वरच्या माणसाचं काय होतं, ते मला जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या बायकांनी चहा पिता पिता अगदी रंगवून सांगितलं होतं.

असल्या जुन्या गाडीला चावी नसते. लाथ मारली की सुरू. तेव्हा नळाची आठवण राहावी म्हणून प्रत्येकाची काही ना काही युक्ती असते. आमच्या साहेबांची युक्ती म्हणजे माझा लाल चिमटा. नळ बंद केला की चिमटा क्लचच्या दांडीला लावायचा. चिमटा आहे म्हणजे नळ बंद, चिमटा नाही म्हणजे नळ उघडा. क्लबातले अर्धे लोक त्याला म्हणाले होते, "नळ नको रे बाबा, नळ माणसं मारतो." तर हा म्हणाला, "माझा चिमटा आहे ना!"

आणि तो चिमटा माझ्या खिशात होता. काल संध्याकाळी गाडी पुसायला घेतली ती मीच. हँडल पुसताना चिमटा मध्ये मध्ये येत होता, तो काढून खिशात टाकला, तेवढ्यात आत फोन वाजला. बहिणीचा फोन. ती बोलायला लागली की दूध उतू जाऊ दे नाहीतर घर जळू दे. चिमटा खिशात राहिला तो राहिलाच.

आता तुम्ही म्हणाल, जिने त्या खटाऱ्याला चार वर्षं शिव्या घातल्या, ती पुसायला कशाला गेली? गेले ती मिसेस ट्रेलॉरसाठी.

गाडी आमच्याकडे आली ती कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यातून, खोक्यांत भरून. चाकं झाली, सांगाडा झाला, टाकी झाली. अडलं ते इंजिनापाशी. सिलिंडर तडकलेला, पिस्टन गंजून त्यातच रुतलेला. इंग्लंडहून जोडी मागवायची तर तेवढ्या पैशांत माझं स्वयंपाकघर नवं झालं असतं, आणि हे मी त्याला दर जेवणाला ऐकवत होते. स्वस्तातला नकली पिस्टन मागवला, तो बसवायच्या आधीच हातात चिरला. मग सुरू झाली वणवण. आज ह्या गावच्या फुटबॉल मैदानावर जुन्या सामानाचा बाजार, पुढच्या वेळी त्या गावच्या. माणसं उजाडायच्या आधी टॉर्च घेऊन दुसऱ्यांच्या गंजक्या डब्यांत डोकी घालतात. मी आपली मोटारीत बसून थर्मासमधला चहा प्यायची. थोड्या वेळाने हा हात हलवत परत. "होता गं, पण पुढच्या सालचा निघाला." "होता, पण मालक किंमत ऐकवून हसला." घरी आला की इंजिनाची पेटी माझ्या ओव्हनमध्ये तापवायची, का तर गरम पेटीत बेअरिंग सुखाने बसतं. आठवडाभर माझ्या पेस्टीजना, म्हणजे खिम्या-बटाट्याच्या करंज्यांना, ऑइलचा वास. "चव आली की वेगळी," म्हणायचा, मेला.

शेवटी ते भाग मिळाले आमच्याच गावात, खाली समुद्राकडच्या वस्तीत. मिसेस ट्रेलॉर नव्वदीच्या, नजर गेलेली. त्यांचे यजमान जॅक हयातभर ह्याच जातीची गाडी चालवायचे. गाडी केव्हाच विकली गेली, पण शेडमधल्या फळीवर जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला एक सिलिंडर आणि त्याचा पिस्टन तसाच होता. डेन्झिलने तो हातात घेतला आणि उजेडाला धरून आतून बोट फिरवलं.

"काय द्यायचं ह्याचं, मिसेस ट्रेलॉर?"

"पैसे ठेव तुझ्याकडे. गाडी सुरू झाली की माझ्या फाटकावर आण आणि ऐकव. जॅक गेल्यापासून तो आवाज कानावर नाही. डोळे गेले रे पोरा, कान आहेत अजून."

सत्तरीच्या माणसाला पोरा म्हणाल्या. हा पोरासारखाच लाजला.

पण गाडी काही लवकर होईना. हे बसेना, ते गळायचं थांबेना. मधल्या काळात त्यांच्या मुलाने घर विकायला काढलं. उद्या तो त्यांना अॅडलेडला घेऊन जाणार, तिथल्या वृद्धाश्रमात. म्हणजे ऐकवायची तर आजच. काल दुपारी गाडी एकदाची धड चालली, तेव्हा मीच म्हटलं, दे इकडे, म्हातारीला दिसणार नाही, पण मी गाडी पुसून पाठवणार. माझीच हौस!

मी चादर तशीच सोडून घरात पळाले. डेन्झिलचा मोबाइल खिडकीत पडलेला, नेहमीप्रमाणे. मिसेस ट्रेलॉरचा फोन लावला, तर तो परवाच कापलेला. मोटारीच्या किल्ल्या सापडेनात. सापडल्या तर घाईत किल्ली भोकात जाईना.

समुद्राकडे जाणारा रस्ता तसा सोपा, खाणीच्या जुन्या धुराड्यावरून खाली. त्या रस्त्याने मी हजारदा गेले असेन. आज प्रत्येक वळणाच्या आधी मला पलीकडे तो पडलेला दिसत होता. त्याच्या खुब्यात आधीच एक सळई आहे. डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते, परत पडलात तर उठून चालायचं विसरा. मी मोठमोठ्याने बोलत होते. "थांब रे, कुठेतरी थांब. पेट्रोलला थांब. कुणाशी तरी गप्पा मारत थांब, एरवी थांबतोस ना मेल्या!"

पुढे रस्त्याच्या कडेला माणसं जमलेली दिसली. वाकून काहीतरी बघत होती. जवळ गेले तर बादली होती, आणि बादलीत खेकडे. खेकडे पकडायला आलेली मंडळी. त्यांच्यातल्या एकाने मला हसून हात केला. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं.

शेवटचं वळण घेतलं आणि गाडी दिसली. मिसेस ट्रेलॉरच्या फाटकापाशी, स्टँडवर, गप्प. डेन्झिल तिच्या बाजूला गुडघ्यावर बसलेला. धडधाकट. मी ब्रेक लावला आणि तशीच स्टीअरिंगवर डोकं टेकून बसले.

खाली उतरले तेव्हा त्याचा चेहरा पाहिला. पांढराफटक. एक हात नळावर होता. गाडी थांबवली की त्याचा हात आपसूक नळाकडे जातो, बंद करायला. आज गेला, तर नळ बंदच होता.

"लॉर्ना," तो हळू म्हणाला, "हा बंद होता. मी घरापासून अशीच आणली."

मी चिमटा काढून त्याच्यापुढे धरला. "काल पुसताना मी काढला. खिशात राहिला."

त्याने चिमट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याने ओरडावं म्हणून मी जीव मुठीत धरून वाट बघत होते.

"वाकून बघायला मला काय झालं होतं," तो म्हणाला.

"ओरड ना रे!" मी रडायलाच लागले. "चार वर्षांची मेहनत मातीत घातली तुझी. ओरड की!"

"कोण रडतंय?" फाटकाच्या आतून आवाज आला. मिसेस ट्रेलॉर तिथे खुर्ची टाकून बसल्या होत्या. एवढ्या उन्हात चांगला लोकरी कोट, डोक्यावर हॅट, ओठांना लिपस्टिक जरा वाकडी. मागे व्हरांड्यात बांधलेली खोकी. "आणि तू बंद का केलीस रे पोरा? कोपऱ्यावर जराशी ऐकू आली, तेवढ्यात मेला वारा आला, आणि मग गप्प! हे काय ऐकवणं झालं?"

डेन्झिल माझ्या कानाशी आला. "आत्ता बंद ठेवली आणि घरी नेऊन इंजिन खोललं, तर कदाचित वाचेल. परत सुरू केली आणि आत काही भाजलं असेल, तर संपलं. दुसरा सिलिंडर नाही, लॉर्ना. कुठेच नाही."

"मग सांग त्यांना. शहाण्या आहेत, समजून घेतील."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्या मान जरा वाकडी करून, कान आमच्याकडे लावून बसल्या होत्या.

त्याने नळ उघडला. तेल खाली उतरायला वेळ दिला. हात पुसले, उगाच परत पुसले. मग पाय ठेवून लाथ मारली. काही नाही. परत मारली. काही नाही. माझ्या मनात आलं, नकोच होऊ दे सुरू, म्हणजे निर्णय तरी आपल्याला घ्यायला नको. तेवढ्यात ती सुरू झाली.

आणि खालून आवाज आला. टक, टक, टक. फटफटीच्या आत, खोल. काल तो नव्हता. चार वर्षं त्या शेडच्या दारात उभी राहून मला एवढं कळत होतं. डेन्झिलचे डोळे मिटले गेले. इंजिन बंद करायच्या दांडीवर त्याची बोटं गेली.

"हां!" मिसेस ट्रेलॉर ओरडल्या. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. "हीच! टकटकते ना? जॅकची अशीच टकटकायची! बाकी सगळ्यांच्या नुसत्या फटफटायच्या. मी चुलीपाशी असायची, पार धुराड्यापासून ही टकटक ऐकू यायची, की समजायचं, आलं आमचं माणूस, लावा बटाटे." त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "तू कशी रे बरोब्बर तशीच केलीस?"

प्रत्येक टक म्हणजे आत धातू धातूला खातोय, हे त्यानेच मला शिकवलं होतं. मी त्याच्या हाताकडे बघत होते. त्याने दांडीवरची बोटं काढून घेतली.

"अजून ऐकायची, मिसेस ट्रेलॉर?" त्याने मोठ्याने विचारलं.

"ऐकव की! आणि जरा वाढव. वळणावर आला की जॅक वाढवायचा, मला कळावं म्हणून."

डेन्झिलने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि वाढवली.