थांब म्हणजे नेमकं काय

फोन आला तेव्हा तिचे हात गुलाबी मेणात होते आणि समोर एका निवृत्त मास्तरांचं बोळकं प्लास्टरमध्ये उतरून बसलं होतं. त्यावर ती दात लावत होती. कवळ्या करण्याच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माणूस चेहऱ्यावरून नाही, हिरड्यांवरून लक्षात राहतो, आणि या मास्तरांची हिरडी डावीकडे अंमळ खचलेली होती. तिने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

"अभिनंदन," पलीकडून बालगृहाच्या मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलगी आहे. तीन वर्षांची होईल आता. शनिवारी सकाळी दोघंही या."

दोघंही. म्हणजे बाईंना कळलंच नव्हतं. कळणार तरी कसं? कळवायचं होतं ते तिनेच, आणि घरातलं माणूस गेल्यावर ज्यांना ज्यांना सांगावं लागतं त्यांत बालगृहही येतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती "हो" म्हणाली, "बरं" म्हणाली, वर "आभारी आहे" असंही म्हणाली, आणि फोन ठेवून मुकाट्याने पुन्हा दात लावायला लागली.

थोड्या वेळाने लॅबचे मालक मागे येऊन उभे राहिले. त्यांनी साचा उचलून उजेडाकडे धरला. तिने उजवीकडचे दात डावीकडे आणि डावीकडचे उजवीकडे बसवले होते. सगळेच्या सगळे, सुळ्यांसकट, आणि वर कसे अगदी नीटनेटके. "हे मास्तर हसले तर वर्ग रिकामा होईल," मालक म्हणाले, आणि तिच्याकडे बघून त्यांनी जीभ चावली. मग तिला घरी जायला सांगून त्यांनी स्वतःच मेण तापवायला घेतलं.

ती घरी गेली नाही. लॅबच्या जिन्यात बसून तिने बाईंना उलट फोन लावला आणि सांगितलं की दोघं येऊ शकणार नाहीत, कारण दोघांतला एक आता नाही. कधी, कसं, हे बाईंनी हळू आवाजात विचारलं, तेवढ्यावरून त्या भल्या बाई आहेत हे कळत होतं. एकटीलाही मूल मिळू शकतं, त्या म्हणाल्या, तशी काही आडकाठी नाही. पण मनाची तयारी असेल तरच. नसेल तर शुक्रवारपर्यंत तसं सांगा, म्हणजे दुसरं एक जोडपं वाट बघतंय त्यांना कळवता येईल. एवढं बोलून त्या अडखळल्या आणि म्हणाल्या की मुलीला मात्र सांगून झालंय, आईबाबा न्यायला येणार म्हणून.

तिचा नवरा वायरमन होता. प्रार्थनामंदिरातला एकूण एक दिवा त्याने लावलेला, आणि पाळकांच्या माईकची खरखर बंद करणारा गावात तो एकटाच. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, तेव्हा प्रार्थनामंदिरातली सगळी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागली. दर रविवारी कोणी ना कोणी तिचा हात हातात घेऊन सांगायचं, की देव उशीर करत नाही, त्याची वेळ ठरलेली असते. तो गालात हसायचा. आपण खांबावर चढलेलो असतो तेव्हा खालून लोक असंच सांगतात, म्हणायचा, वेळ लागू दे, घाई नको, आणि सांगणाऱ्याच्या घरात उजेड असतो. पण प्रार्थना त्याने कधी चुकवली नाही. बालगृहात नाव घालायचं हे त्याच्याच डोक्यातून निघालं. देवाने आपल्याला द्यायचं ते दुसऱ्याच पत्त्यावर पाठवून ठेवलं असेल तर जाऊन विचारायला काय हरकत आहे, असं त्याचं म्हणणं.

मग त्याच्या छातीत साधा कफ झाला. साधाच, असं पहिल्या डॉक्टरने सांगितलं होतं. इस्पितळात शेवटी शेवटी त्याला बोलायला दम पुरत नव्हता. त्या दुपारी त्याचे ओठ सुकलेले दिसले म्हणून ती पाणी आणायला उठली. त्याने तिची ओढणी बोटांत धरली आणि म्हणाला, "थांब." ती म्हणाली, आलेच. पाण्याचा नळ बाहेरच्या मोकळ्या जागेत होता. ती पेला भरून परत आली तोवर सगळं संपलं होतं.

तेव्हापासून तो एक शब्द तिला खात होता. थांब म्हणजे जाऊ नकोस? की धीर धर, मी बरा होतो? की थांब आता, पुरे, किती माझ्यामागे धावशील? तिने तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. शब्द एकच, आणि दर वेळी नवऱ्याचा चेहरा मात्र निराळा दिसायचा. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कोणी काही तरी समजूत घातली असती, आणि तिला समजूत नको होती, तिला त्याला काय म्हणायचं होतं ते हवं होतं.

बालगृहाची बातमी मात्र मंडळीत अशी पसरली की विचारू नका. दुसऱ्याच दिवशी पाळक घरी आले. माणूस मनाचा चांगला, पण हाती काही लागलं की त्याचा उपदेश केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. कवळी गरम पाण्यात शिजवल्यावर आपोआप निवू द्यावी लागते, घाईने काढली तर वाकते, हे तिने त्यांना एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, तर पुढच्या रविवारी कवळी थेट व्यासपीठावर. आताही ते भरल्या डोळ्यांनी म्हणाले की देवाची वेळ बघा, तुमचा आधार गेला आणि लगेच त्याने नवा आधार पाठवला. तिने चहा पुढे केला. तीन वर्षांची मुलगी कोणाचा आधार होणार, हे विचारावंसं तिला वाटलं. आणि नवऱ्याच्या बदल्यात मूल, असा सौदा आपण कधी मागितला होता? पाळकांचा चेहरा इतका प्रामाणिक होता, की तिने त्यांना बिस्किटं दिली.

संध्याकाळी मोठी जाऊ आली. तिनेही देवाची वेळच आणली होती, फक्त उलटी. अगं, देवाला हे नकोच होतं, हे उघड आहे, ती म्हणाली. द्यायचं असतं तर तो असताना दिलं असतं. आता दार बंद झालंय तर कशाला ठोठावत बसायचं? एकट्या बाईने मूल वाढवायचं म्हणजे काय खायचं काम आहे का? तिच्या बोलण्यात काळजी होती, खोटं काही नव्हतं. दोघांनी प्रार्थनाही केली, सकाळी पाळकांनी, संध्याकाळी जावेने, आणि दोन्ही वेळा ती आमेन म्हणाली. आमेन म्हणताना तिला लाज वाटली. एकाच देवाकडे दोन उलटी उत्तरं मागून तिने दोन्हींवर सही केली होती.

रात्रीचा स्वयंपाक करताना तिचं लक्ष कशात नव्हतं. मुलगी आणावी असं वाटलं की लगेच नवऱ्याचा विश्वासघात केल्यासारखं वाटे, जणू त्याच्या जागेवर कोणाला आणून बसवायचं. आणू नये असं वाटलं की त्याहून मोठा विश्वासघात, कारण ही मुलगी त्यानेच तर मागितली होती. आणि देवावरचा राग वेगळाच. मूल द्यायचं होतं तर चार महिने आधी, नवरा असताना, फोन करायला काय झालं होतं? किंवा मग करायचाच नव्हता. हे असं मधोमध का? तिने देवाला हे विचारलं नव्हतं. रागाने विचारायचं नसतं असं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि राग सोडून विचारता येत नव्हतं, म्हणून तिने प्रार्थनाच सोडली होती. तोंडाने आमेन, बाकी सगळं बंद.

सासरे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लसूण सोलत होते. मुलगा गेल्यापासून ते उपासनेला गेले नव्हते, आणि दिवसभर कवळी काढून ठेवत. कवळी तिनेच केलेली, तोंडात मापाची, तरीही. दात नसले की त्यांचं बोलणं कोणाला कळत नसे, आणि बहुधा त्यांना तेच हवं होतं. मंडळीतल्या लोकांचा समज असा, की म्हाताऱ्याचा विश्वास उडाला.

ती भाजी ढवळता ढवळता बोलून गेली. नळ, पेला, ओढणी, बाईंचा फोन, सगळं. तो थांब म्हणाला आणि मी थांबले नाही, पप्पा, ती म्हणाली. आता शुक्रवारी काय सांगू? कोणाला विचारू?

सासऱ्यांनी हातातला लसूण खाली ठेवला. वाटीतली कवळी उचलली, पाण्याखाली धरली आणि तोंडात बसवली. मग त्यांनी दोन वेळा जबडा मिटून उघडून पाहिला.

"तू पाणी आणायला गेलीस," ते म्हणाले. "त्याला तहान लागली होती म्हणून गेलीस. तो थांब का म्हणाला ते मला माहीत नाही. त्याला तरी पुरतं माहीत होतं का, कोण जाणे. पण तू त्याच्यासाठीच उठली होतीस, एवढं मी तुला शपथेवर सांगतो."

तिला रडू आलं. तिने गॅस बंद केला. सासरे पुढे बोलत राहिले, इतक्या दिवसांचं साठलेलं. देवाची वेळ चुकली, ते म्हणाले. माझी वेळ होती, पोराची नव्हती, हे एखाद्या आंधळ्यालाही कळलं असतं. आणि हे मी देवाला रोज सकाळी सांगतो, तू कामावर गेलीस की. मोठ्याने सांगतो, ओरडतो. शेजारचे दोनदा विचारायला आले.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही प्रार्थना करता?"

"भांडतो," सासरे म्हणाले. "भांडायला समोर कोणी लागतं ना. तो नाही असं वाटलं असतं तर गप्प बसलो असतो." मग थांबून म्हणाले, "तूही भांड, पोरी. त्याला सवय आहे. पण त्या लेकराला ह्यात कशाला उभं करायचं? पाळक म्हणतात देवाची वेळ, थोरली म्हणते देवाची वेळ. त्या चिमुरडीला सांगून ठेवलंय की आईबाबा येणार. तिच्या वेळेचं कोण बघतंय?"

एवढं बोलून त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली आणि पुन्हा लसूण घेतला. त्या दिवसापुरतं त्यांचं बोलणं संपलं होतं.

शुक्रवारी तिने बाईंना फोन केला आणि येते म्हणाली. एकदम सगळं लख्ख दिसलं वगैरे काही झालं नाही. फोन ठेवल्यावर नाही सांगावं असं पुन्हा वाटलं. शनिवारी सकाळी ती पायीच निघाली. दुकानं नुकती उघडत होती, कोणी फुटपाथवर पाणी मारत होतं, एक माणूस भल्यामोठ्या काचेला दोन्ही हातांनी धरून दारातून आत नेत होता. चालता चालता ती बोलायला लागली, पुटपुटत का होईना, पण बोलायला लागली. प्रभू, तुझी वेळ मला पटलेली नाही. मला ती कळलेली नाही, आणि कळेल असंही वाटत नाही. तो असायला हवा होता आज. तू हे का केलंस ते तू सांगत नाहीस आणि मी विचारणं सोडणार नाही. पण मी चाललेय. मला एकटीने आत जाता येणार नाही, तेव्हा तू बरोबर ये. समोरून येणाऱ्या बाईने तिच्याकडे वळून पाहिलं. ती तशीच बोलत पुढे गेली. उत्तर काही आलं नाही. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला समोर कोणी तरी आहे असं वाटलं, आणि ते खरं की आपलंच मन खेळतंय, हेही तिला ठरवता येईना.

बालगृहाच्या आतल्या खोलीत भिंतीला लागून एक बुटका बाक होता. त्यावर मुलगी बसली होती. केस ओले करून चापून बसवलेले, एका पायात बूट, दुसरा बूट मांडीवर. मोठ्या बाई तिच्याजवळ वाकून म्हणाल्या, बघ कोण आलंय. मुलीने वर पाहिलं. तिच्याकडे नीट, सावकाश पाहिलं. मग तिच्या मागे पाहिलं, दाराकडे.

"बाबा?" मुलगी म्हणाली.

मोठ्या बाई घाईने काहीतरी बोलायला गेल्या. तिने त्यांना हातानेच राहू द्या म्हटलं आणि ती बाकासमोर खाली बसली. फरशी गार होती.

"बाबा नाही आले," ती म्हणाली. "त्यांना तुला न्यायला यायचं होतं. खूप यायचं होतं. पण ते देवाकडे गेले."

मुलीने हे ऐकून घेतलं. देवाकडे जाणं हे तिच्या लेखी बाजारात जाण्याइतकंच असावं.

"मग कधी येणार?"

मंडळीने इतक्या वर्षांत शिकवलेली सगळी वाक्यं तिच्या जिभेवर येऊन उभी राहिली. त्यांतलं एकही खोटं नव्हतं. आपण त्याला पुन्हा भेटू, यावर तिचा विश्वास होता, रागातसुद्धा होता, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण कधी? मुलगी वाट बघत होती, आणि तिला फसवणं शक्य नव्हतं.

"मला नाही माहीत, बाळ," ती म्हणाली. "मला खरंच नाही माहीत."

मुलीने थोडा विचार केला.

"मला पण नाही माहीत," ती म्हणाली, आणि तिने आपला अनवाणी पाय पुढे केला.