बार्न तापला तर

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर या फळीवरचं एकही पुस्तक विश्वास ठेवणार नाही. मी एक जुनी औषधांची पोथी आहे, आणि माझ्या सांगण्यावरून केंटमधल्या एका माणसाने अख्खं कोठार ओल्या फडक्यांत गुंडाळलं होतं. शेजारची प्रार्थनापोथी आत्ताच कुरकुरायला लागली. आम्ही दोघी एकाच पाद्र्याच्या पेटीतल्या. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

माझा जन्म यॉर्कशरचा. माझी पानं ज्या वासराच्या कातड्याची, ते हंबरायचंसुद्धा तिकडच्या बोलीत. थर्स्टन नावाच्या लेखनिकाने मला लिहिलं. बोटं गारठली की तो त्यांवर फुंकर घालायचा आणि म्हणायचा, “नीट उमट गं बये, कुणाचं तरी लेकरू वाचेल.” आमच्याकडे लेकराला ‘बार्न’ म्हणतात. त्याने तेच लिहिलं: ‘बार्न तापला, तर ओली फडकी घाला, वारा लागू द्या, थोडं थोडं पाणी द्या, नजरेआड करू नका.’

बारा वर्षं तिकडे माझा मान होता. बरं झालेलं पोर कडेवर घेऊन एक मेंढपाळीण लोण्याचा गोळा घेऊन आली होती. माझ्या नवव्या पानावर तो डाग अजून आहे. पुढे एका लोकरीच्या व्यापाऱ्याने मला दक्षिणेत आणलं आणि केंटमधल्या पाद्र्याला देऊन टाकलं. चार वर्षं मला कुणी उघडलं नाही.

मग एका उन्हाळ्यात अव्हिस धावत आली. तिची तीन वर्षांची एमॉट तापाने फणफणली होती. मागून नवरा, हॅमो.

“पाद्रीबाबा, बघा ना या पोथीत काही.”

पाद्रीबाबांचं बोट नेमकं त्या ओळीवर थांबलं. “‘बार्न तापला तर...’ हे कोठाराचं आहे, बाई. ओलं गवत भरलं की आतून तापतं, त्याचं.”

केंटमध्ये ‘बार्न’ म्हणजे कोठार.

“आणि पोरीचं?”

“पोरीचं काही दिसत नाही. उत्तरेकडची माणसं. गवताचीच काळजी.”

हॅमो पुटपुटला, “आपलंही गवत ओलंच भरलंय. निदान ते तरी...”

“जा,” अव्हिस म्हणाली. “बस गवताच्या उशाशी.”

तो खरंच बसला. फडकी भिजवली, दारं उघडली, नजर हलवली नाही. आणि तिकडे एमॉट बंद खोलीत, तीन घोंगड्यांखाली. माझ्याकडे अक्षरं होती, मित्रांनो, पण घसा नव्हता.

मग मी काय केलं? पेटीतून उडी मारली. फडफडत ओढ्यावर गेले, चिंब भिजले आणि थेट एमॉटच्या कपाळावर जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पोर मोठी झाली. लग्नात तिने मला मांडीवर घेतलं होतं. तेव्हा मित्रांनो, परमुलखातला शब्द ओळखीचा वाटला, तरी आधी कुणाला तरी विचारा, कारण...

“पुरे गं,” प्रार्थनापोथी म्हणाली. “एमॉटचं नाव माझ्या सणांच्या पानावर आहे, गावातली लग्नं आणि मरणं जिथे टिपतात तिथे. कापणीच्या सणानंतरचा तिसरा दिवस, त्याच उन्हाळ्यातला. पाद्रीबाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. आणि ते लग्नाचं नाही.”