फारोफाची माफी

फारोफाच्या चड्डीला माती कधी लागलीच नाही. सत्तावीस वर्षं मी आलझिरा क्लबच्या खेळाडूंचे कपडे धुतले. कोण किती धावलं ते मला मैदानात बघावं लागत नाही, टोपलीत कळतं. गोलकीपरची कोपरं, बचाववाल्यांच्या मांड्या, सगळं तांबड्या मातीनं लडबडलेलं. आणि हा मधल्या फळीतला, म्हणजे ज्यानं सगळ्यांत जास्त राबायचं तो, नव्वद मिनिटांनी इस्त्री न मोडता परत यायचा.

खरं नाव एदिवानियो. फारोफा हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. भातावर भुरभुरायचं भाजलेलं पीठ ते. कुठल्याही ताटात चालतं, पोट कुणाचंच भरत नाही.

वय चौतीस, आमचा क्लब चौदावा. पहिल्या दिवशी नवी जर्सी चढवायची, छातीवरच्या बिल्ल्याचं चुंबन घ्यायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं, "लहानपणापासून याच क्लबचं स्वप्न बघत आलो." चौदा क्लबांची स्वप्नं बघायची म्हणजे लहानपणी हा नुसता झोपलाच असणार. मध्ये एक हिवाळा कझाकस्तानात खेळून आला होता. तिथली केसाळ टोपी आमच्या अडतीस डिग्रीत घालून सरावाला यायचा.

"दोना झुल्मिरा, ही हातानं धुवा हं. मशीनमध्ये खराब होते."

"आधी डोक्यावरून उतरव तर खरी," मी म्हणायचे. उतरवायचा नाही मेला.

त्या वर्षी आम्ही तळाला होतो. क्लबचे अध्यक्ष सेऊ ओस्मुंदो, औषधाच्या दुकानवाले, शेवटच्या सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत येऊन सरळ बोलले. खालच्या गटात गेलो तर फुटबॉल बंद, मैदान सोयाबीनच्या गोदामाला. म्हणजे माझी धुण्याची खोलीही गेली. त्या खोलीत मी तरुणपणी शिरले ती केस पांढरे होईपर्यंत. मला दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगते, दुसरं काही नकोही होतं.

सामना इताकुरूशी, आमच्याच मैदानावर. जिंकलो तर वाचलो. बरोबरीही चालणार नव्हती.

इताकुरू हा फारोफाचा नववा क्लब. तिथं तीन महिने होता, गुडघ्याला पट्टी बांधून. सगळे मिळून चार मिनिटं खेळला. पण आमच्याकडे रीत आहे : जुन्या क्लबविरुद्ध गोल केलास तर नाचायचं नाही. दोन्ही हात वर करायचे, मान खाली घालायची, झालं. चांगली रीत आहे. दोन सेकंद लागतात.

सकाळी तो माझ्याकडे आला. "दोना झुल्मिरा, तुमचा तो कपड्यांवर नंबर घालायचा मार्कर द्या ना."

पोरं आतल्या बनियनवर देवाचं नाव लिहितात, आईचं लिहितात. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल. दिला मी. माझ्याच हातानं दिला, त्याची चीड मला अजून आहे.

सामना सुरू झाला आणि विसाव्या मिनिटाला इताकुरूनं गोल केला. फारोफानं काय केलं? एका थ्रोवरून पंचाशी कॅमेऱ्यासमोर भांडण काढलं आणि पिवळं कार्ड घेतलं. मग चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नरवरून कुणीतरी मारलेला चेंडू याच्या ढुंगणावर आपटून जाळ्यात गेला. याला आधी कळलंच नाही. एक-एक. वाया गेलेल्या वेळेची भरपाई धरून जवळजवळ दहा मिनिटं हातात होती आणि समोरच्यांचे पाय लटपटत होते. अशा वेळी काय करायचं ते शेंबडं पोरही सांगेल : चेंडू जाळ्यातून काढायचा आणि मधोमध नेऊन ठेवायचा.

फारोफा उलटा पळाला. कोपऱ्यात इताकुरूचे चाळीसेक लोक होते, त्यांच्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसला. जर्सी काढली. बनियनवर माझ्या मार्करनं ठळक लिहिलेलं : 'माफ कर, इताकुरू. रक्त तुझंच आहे.' मग बनियनही काढलं आणि त्यांच्याकडे फेकलं. ते कुंपणाला आपटून आमच्याच बाजूला पडलं.

मी टॉवेल घेऊन तिथंच उभी होते. कुंपणापलीकडचा एक जण शेंगदाणे चघळत शेजाऱ्याला म्हणाला, "हा कोण रे?"

"आपल्याकडे होता म्हणे."

"कधी?"

शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तोवर पंच येऊन पोचला होता. जर्सी काढली म्हणून दुसरं पिवळं, म्हणजे लाल. फारोफा छातीवर हात ठेवून, रडत, सावकाश बाहेर चालत गेला. त्याला दोन मिनिटं लागली. आमची दहा माणसं उरलेला वेळ नुसती बचाव करत राहिली आणि सामना एक-एकच संपला.

पुढच्या आठवड्यात सेऊ ओस्मुंदोंनी माझ्याकडून खोलीची किल्ली घेतली. मी खोली झाडून दिली होती. ते खाली बघत होते.

महिन्याभरानं फारोफाचा फोन. त्याच्या रडण्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता आणि इताकुरूच्या अध्यक्षांना गहिवरून आलं होतं. त्याला परत घेतलं होतं, दोन वर्षांसाठी.

"दोना झुल्मिरा, ते बनियन तुमच्याकडे आहे ना? मंगळवारी सगळ्यांसमोर दाखवायचंय. छान धुऊन पाठवा. अक्षरं तेवढी जाऊ देऊ नका."

"इथं कुलूप लागलंय, कळलं ना तुला?"

"फुटबॉल आहे, दोना झुल्मिरा. चालायचंच. मलाही वाईट वाटतं."

बनियन होतं माझ्याकडे. स्वयंपाकघराच्या दाराशी टाकलेलं, पावसात फिरून आलेली कुत्री त्याला पाय पुसायची. अक्षरं अजून वाचता येत होती. मी ते उचललं, घडी घातली, पाकिटात घातलं आणि तसंच पाठवून दिलं. फारोफाचा मळलेला कपडा माझ्या हाताला पहिल्यांदाच लागला होता, तो धुवायची मला इच्छा झाली नाही.